दर रविवारी ऐंशी लिटर: नाशिकमधल्या एका खाऱ्या टँकचं प्रकरण

पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथे एके काळी मळे होते आणि आता सात-सात मजली सोसायट्या आहेत, तिथे एका दंतवैद्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे आणि घर त्याच इमारतीत वर. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापाने अडीचशे लिटरच्या आसपास भरतं, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी २०० लिटर. त्यात क्लाऊनफिशची जोडी, दोन डॅमसेल, एक ब्लेनी, एक क्लीनर श्रिंप आणि काही गोगलगायी. मागे टांगलेला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप). दीड वर्ष टँक उत्तम चालला होता.

मे महिन्याच्या मध्यावर डॉक्टरांचा फोन आला. प्रश्न सरळ होता, नायट्रेटचा, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणाऱ्या क्षाराचा: "दर रविवारी ४० टक्के पाणी बदलतोय, तरी नायट्रेट तिशीच्या खाली जात नाही. आता आठवड्यातून दोनदा बदलू का?"

खारा टँक ठेवणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं. दुकानदार म्हणतो महिन्याला २५ टक्के, कुणी म्हणतो आठवड्याला १०, कुणी छातीठोकपणे सांगतो की सहा महिने पाण्याला हात लावलेला नाही आणि मासे टणटणीत आहेत. गंमत म्हणजे आपापल्या टँकपुरते हे तिघेही खरे असू शकतात.

डॉक्टरांच्या बाबतीत एक सोय होती. त्यांची अकरावीतली मुलगी वहीत नोंदी ठेवते. तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट, किती लिटर बदललं, सगळं. अशी वही मिळाली की निम्मं काम झालेलंच असतं. वहीप्रमाणे डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी ४० लिटर, म्हणजे २० टक्के पाणी बदललं जात होतं आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) जवळ स्थिर होतं. मार्चपासून आकडा चढायला लागला. एप्रिलअखेर ४०. तेव्हा डॉक्टरांनी बदल दुप्पट केला, ८० लिटर. आकडा तीन आठवड्यांत तिशीच्या थोडा वर आला आणि तिथेच अडकला.

वहीच्या समासात मुलीने पेन्सिलीने दोनतीनदा लिहिलं होतं: "मंगळवारी काच पुन्हा तपकिरी." बाप नायट्रेटच्या आकड्याकडे बघत होता. माझ्या मते वहीतली सगळ्यात मोलाची नोंद ही होती. रविवारी पाणी बदललं, काच स्वच्छ पुसली, आणि मंगळवारी काचेवर पुन्हा धुळीसारखा तपकिरी थर. बोटाने पुसला तर सहज निघतो, पुसलेल्या जागी बोटाचा स्वच्छ पट्टा उमटतो. हा डायटम नावाच्या शेवाळाचा थर. याला आपलं कवच बांधायला सिलिका लागते. टँकमध्ये सिलिका आपोआप तयार होत नाही, ती बाहेरून येते. पाणी बदलल्यावर दोन दिवसांत थर परत येत असेल, तर संशय पहिल्यांदा नव्या पाण्यावर जायला हवा.

गेल्यावर आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासलं. दोन्ही शून्य. हे महत्त्वाचं, कारण घाई करायची की नाही ते यावरून ठरतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया बनतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया दिसला तर त्याच दिवशी पाणी बदलायचं, वेळापत्रक बघत बसायचं नाही. नायट्रेटचं तसं नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळ खडकांवरच्या पाण्यात ते एका पीपीएमच्याही बरंच खाली असतं हे खरं, पण प्रवाळ नसलेल्या टँकमध्ये २० ते ४० पर्यंत मासे निभावून नेतात. तिशीच्या नायट्रेटने क्लाऊनफिश मरत नाही. शेवाळ वाढतं, डोळ्याला खुपतं, एवढंच. म्हणून डॉक्टरांना पहिली गोष्ट सांगितली ती अशी की या रविवारी पाणी बदलू नका, मूळ कारण सापडेपर्यंत थांबा.

"थांबू? मग वाढेल ना?"

"वाढेल. पाचसहाने वाढेल. त्याने काही होत नाही."

पाणी कुठून घेता, हे विचारलं तर उत्तर तयार होतं: "आरओचं. वरून, घरच्या फिल्टरचं." आणि इथेच बहुतेकांची चौकशी संपते. आरओ म्हणजे शुद्ध, असं गृहीत धरलेलं असतं. नव्या पाण्याची नायट्रेट चाचणी कुणी करत नाही. सगळे टँकमधल्या पाण्याची करतात.

स्वयंपाकघरात गेलो. फिल्टरच्या तोटीखाली पेला भरून टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवला. १८०. सोसायटीच्या टाकीतून सरळ येणाऱ्या नळाखाली धरला. ६२०. मग नायट्रेटचं किट काढलं. या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, कारण तिच्यातलं रसायन तळाशी बसतं. न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो आणि माणूस खूश होतो. हलवली, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. कच्च्या पाण्याची नळी लाल झाली, ४० जवळ. फिल्टरच्या पाण्याची नळी नारिंगी, १५ च्या आसपास. ओट्यावर दोन्ही नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. वहिनींनी त्या बघितल्या आणि पहिला प्रश्न टाकला तो टँकचा नव्हता: "हे आम्ही पितो ना?"

पिण्याच्या दृष्टीने घाबरण्यासारखं काही नव्हतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. १५ म्हणजे आरामात आत. पण माणसाला चालतं ते खाऱ्या टँकला चालेलच असं नाही.

मग फिल्टरवाल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार गाळणाऱ्या पडद्याच्या, पुढे एक छोटा पांढरा स्क्रू दाखवला, टीडीएस कंट्रोलर. आपल्याकडच्या घरगुती आरओंमध्ये हा असतोच म्हटलं तरी चालेल. मेम्ब्रेनमधून आलेलं पाणी फार हलकं झालं तर चव जाते, म्हणून मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं थोडं पाणी त्यात परत मिसळायची ही सोय. वळसा घालणारं पाणी यूव्हीखालून जातं, जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार जसेच्या तसे राहतात. "साहेब, वहिनी म्हणाल्या होत्या पाणी कडवट लागतंय. म्हणून थोडा उघडला. मग कम्प्लेंट गेली," मेकॅनिक म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पिण्यासाठी घेतलेल्या यंत्रात पिण्याची चव सांभाळणं हेच त्याचं काम. त्याने मेम्ब्रेनची नळी सोडवून दिली. तिथलं पाणी मोजलं: टीडीएस ३५. मेम्ब्रेन ठणठणीत होती. म्हणजे तोटीला येणाऱ्या प्रत्येक चार पेल्यांतला साधारण एक पेला कच्चा.

पण मग हिवाळ्यात सगळं नीट का होतं? स्क्रू तेव्हाही उघडाच होता. याचं उत्तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालं. शहराला महापालिकेचं पाणी येतं ते प्रामुख्याने गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून, आणि ते हलकं असतं. सोसायटीत नुसतं तेच पाणी असतं तेव्हा नळाला टीडीएस दीडशेच्या आसपास येतो, हे मुलीच्या वहीतच जानेवारीत नोंदलेलं होतं. त्यातलं पाव पाणी कच्चं मिसळलं तरी फिल्टरखाली पन्नासच्या आत. मार्चमध्ये सोसायटीने सूचना टाकली की उन्हाळ्यापुरतं बोअरचं पाणी वरच्या टाकीत सोडलं जाईल. वापरायला मुबलक पाणी आल्याबद्दल सगळ्यांनी अंगठे दाखवले. टँकचा संबंध कुणाच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं.

बोअरचं पाणी बेसाल्टमधून येतं. नाशिकच काय, निम्म्याहून जास्त महाराष्ट्र या काळ्या कातळावर बसलाय. हा सिलिकेट खनिजांचा खडक झिजतो, त्यातून पाण्यात सिलिका उतरते, आणि मंगळवारच्या तपकिरी काचेचा उगम तिथे आहे. नायट्रेट खडकातून येत नाही. ते वरून झिरपतं, खतांमधून आणि सांडपाण्यातून. द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्याला वर्षानुवर्षं घातलेल्या युरियाचा हिशेब जमीन ठेवते. त्यात आता सेप्टिक टँकची भर. या बोअरमध्ये नेमकं कशातून किती आलं हे शोधायची टँकसाठी गरज नव्हती.

आता हिशेब. हा किचकट वाटतो पण तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे, आणि "किती वेळा" या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे.

समजा टँकमध्ये दर आठवड्याला ४ पीपीएम नायट्रेट नव्याने तयार होतं आणि आपण दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलतो, तेही अगदी शुद्ध पाण्याने. तर नायट्रेट वाढत वाढत अशा जागी थांबेल, जिथे त्याचा पाचवा हिस्सा बरोबर ४ होतो. म्हणजे २०. तिथे जितकं येतं तितकंच जातं. डॉक्टरांच्या हिवाळ्यातल्या नोंदी २० जवळ होत्या, त्यावरून या टँकची कमाई आठवड्याला सुमारे ४ धरता येते. दहावा हिस्सा बदलला असता तर आकडा ४० ला थांबला असता, निम्मा बदलला असता तर ८ ला.

नव्या पाण्यातच १५ असेल तर हा सगळा हिशेब १५ च्या पायरीवर उभा राहतो. पाणी शंभर टक्के बदललं तरी १५ च्या खाली जाता येत नाही. आणि इथे अजून एक भर होती, जी डॉक्टरांना कुणी सांगितली नव्हती. टॉप-अप.

नाशिकचा मे कोरडा असतो. टँक तापू नये म्हणून पाण्यावर पंखा लावलेला, वर झाकण नाही. दिवसाला चारेक लिटर पाणी उडून जायचं. दवाखान्यातल्या मावशी रोज सकाळी पाण्याचा जग घेऊन काचेवरच्या टेपच्या खुणेपर्यंत भर घालायच्या, आणि बरोबर करायच्या, गोडं पाणी घालायच्या. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे टॉप-अपला मिठाचं पाणी कधी घालायचं नाही. पण जसं मीठ मागे राहतं तसं नायट्रेटही मागेच राहतं. चार लिटरमध्ये लिटरमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे रोज ६०, आठवड्याला ४२०. दोनशे लिटरमध्ये वाटलं तर आठवड्याला दोन पीपीएमहून किंचित जास्त. माशांच्या सगळ्या घाणीच्या निम्म्याइतकी भर एकट्या जगातून पडत होती, कुणाला न दिसता.

म्हणजे आठवड्याची आवक ४ नाही, ६. पाचवा हिस्सा बदलायचा तर ६ ला पाचने गुणून ३०, अधिक पायरीचे १५, मिळून ४५. एप्रिलअखेर आकडा ४० ला पोचला होता आणि चढतच होता. ४० टक्के बदलल्यावर: १५ अधिक १५, बरोबर ३०. डॉक्टर जिथे अडकले होते तिथेच. आठवड्यातून दोनदा ४० टक्के बदललं असतं तर? साधारण २२. त्यासाठी आठवड्याला १६० लिटर पाणी आणि, लिटरमागे ३५ ते ३७ ग्रॅम धरून, साडेपाच किलोहून जास्त साल्ट मिक्स (समुद्रासारखं पाणी बनवायचं तयार मीठ). उलट पाणी शुद्ध असेल तर हिवाळ्यासारखे ४० लिटर बदलून २०. चौपट कष्ट आणि चौपट मीठ घालूनही मूळच्या जागी पोचता येणार नव्हतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण म्हणतो. इथे आजार खरोखर पखालीत होता आणि औषध रेड्याला चाललं होतं.

माझ्या पाठीमागे वहिनींचा आवाज आला: "म्हणजे स्क्रू बंद करायचा का? मग परत कडवट लागेल."

स्क्रूला हात लावायचा नाही असंच ठरलं. घरच्या माणसांनी टँकसाठी बेचव पाणी प्यावं हा न्याय नव्हे. मेकॅनिकने मेम्ब्रेनच्या नळीला, मिसळण्याच्या आधी, टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एक वेगळी निळी नळी काढली, आणि तिच्यापुढे उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडलं. मेम्ब्रेन बाकीच्या क्षारांच्या मानाने नायट्रेट थोडं जास्त सोडते, त्यामुळे नुसत्या मेम्ब्रेनवर थांबू नये असं माझं मत. रेझिननंतर टीडीएस शून्य. मीटर एक-दोन दाखवायला लागला की रेझिन बदलायचं, हा मुलीच्या वहीत नवा रकाना. टॉप-अपचा जगही आता याच नळीखाली भरायचा. मावशींना एवढंच सांगितलं की निळ्या नळीचं पाणी टँकला, तोटीचं आपल्याला.

वेस्ट पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर टाकतो. टँकला बदलाचे ४० आणि टॉप-अपचे ३० धरले तर आठवड्याला दोनशेच्या वर लिटर वाया. उन्हाळ्यात सोसायटीत कुणी ऐकलं तर भांडण व्हायचं. ते पाणी एका ड्रममध्ये साठवून फरशी पुसायला, गाडी धुवायला आणि संडासाला वापरायचं ठरलं. कुंड्यांना घालू नका म्हटलं, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

दुसरं कलम खाद्याचं. डॉक्टर सकाळी घालायचे, मावशी दुपारी, आणि संध्याकाळी दाढ काढायला आलेल्या मुलांना रडू नये म्हणून दोन दोन गोळ्या टाकायला मिळायच्या. एक ग्रॅम कोरड्या खाद्यातलं सगळं प्रथिन शेवटी नायट्रेट झालं तर दोनशे लिटरमध्ये दीड पीपीएमच्या आसपास भर पडते. दिवसाला एकदाच, आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच, यावर तह झाला. मुलांसाठी डबीत मोजून सहा गोळ्या. फ्रोझन खाद्य धुवून घालावं असं सांगणारे बरेच आहेत. त्याने होणारा फरक माझ्या अनुभवात नगण्य आहे, पण ज्यांना धुवायचंय त्यांनी धुवावं.

दरम्यान एका हितचिंतकाने डॉक्टरांना सुचवलं होतं की साल्ट मिक्सवर कशाला खर्च करता, मिठागरातलं जाडं मीठ आणा, तेही समुद्राचंच. हे करू नका. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. हाती येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. दुसऱ्याने सुचवलं की मुंबईहून समुद्राचंच पाणी ड्रम भरून आणू. कसारा घाट चढवून पाणी आणायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ आणि शहरी सांडपाण्याचं असतं, आणि पावसाळ्यात नद्यांमुळे क्षारताही उतरते.

पुढची नोंद वहीतूनच देतो. नवी नळी बसल्यावर दर रविवारी ४० लिटर. पहिल्या रविवारी बदलाआधी नायट्रेट ३५ च्या जवळ. महिन्याभराने पंचविशीच्या आत. जुलैअखेर सतराअठरा. तपकिरी थर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून विरळ झाला आणि मग काच पुसायचं काम आठवड्यातून एकदावर आलं. दगडांवरचं हिरवं केसाळ शेवाळ मात्र गेलं नाही. माझा अंदाज असा की उन्हाळ्यात दगडांनी फॉस्फेट (शेवाळाला पोसणारा आणखी एक क्षार) शोषून घेतलं आणि आता ते हळूहळू सोडतायत. त्यावर पाणी बदलून फार उपयोग होत नाही, हाताने उपटणं आणि गोगलगायींवर सोडणं एवढंच चालू आहे.

पावसाळ्यात हवा दमट झाली, टॉप-अप दिवसाला दोन लिटरच्या खाली आला, सोसायटीने बोअर बंद केली. खाद्य कमी झाल्याने आवक आठवड्याला दोन-अडीचवर आली असावी, कारण गणपतीनंतर बदल पंधरा दिवसांतून एकदा ४० लिटर केला तरी आकडा २० च्या आसपासच राहिला. याहून लांबवायचं का, हे डॉक्टरांनी विचारलं. मी नको म्हटलं. नायट्रेट परवडलं तरी अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खर्ची पडते, आणि साठत जाणाऱ्या घाणीने पाण्याला पिवळट झाक येते. पंधरवड्याच्या बदलाने अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (हे तिचं माप) खाली गेली नाही, आणि प्रवाळ नसलेल्या टँकला वेगळी रसायनं घालत बसण्यापेक्षा हे सोपं.

मुलीला आता प्रवाळ हवेत. तिला सांगितलं की दगडी सांगाड्याचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि इथल्या समुद्रातून काढलेला तुकडा कुणी चोरून विकत असेल तर घेऊ नये. ती थोडी हिरमुसली.

थंडीची सूचना वहीत शेवटी चिकटवली आहे. डिसेंबरच्या पहाटे दवाखान्याच्या गॅलरीत ठेवलेल्या ड्रमातलं पाणी १८ अंशांवर असतं, टँक २६ वर. २० टक्के बदल केला तर टँक दीड अंशाहून थोडा जास्त उतरतो, ४० टक्के केला तर तीनच्या वर, तेही दहा मिनिटांत. म्हणून ड्रम आदल्या रात्री आत आणायचा, त्यात हीटर आणि पॉवरहेड सोडायचा, मीठ रात्रीच विरघळवायचं, आणि सकाळी क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसल्याशिवाय नळी लावायची नाही. हे काम आता मुलगी करते. डॉक्टर फक्त बादल्या उचलतात.